तेराव्याच्या डब्यातला कॉम्प्युटर

स्वतःच्या तेराव्याचं जेवण स्वतः पाटावर बसून जेवलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली. नुसती जेवली नाही, तिसरा वडा मागून घेतला आणि खिरीत जायफळ कमी पडलंय म्हणून मला सगळ्यांदेखत सुनावलं. वाढणारी मी होते. वय तेवीस, अक्कल बेताची आणि ऐट पोतंभर. आता अक्कल तेवढीच आहे. ऐट गुडघ्यांनी उतरवली.

त्या माझ्या घरमालकीण. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला त्यांचं बसकं घर होतं, त्यातली पुढची खोली त्यांनी मला भाड्यानं दिली होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं ऑपरेटरची नोकरी करून त्या रिटायर झालेल्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे, मीही तेच म्हणायची. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं (सांगितलं ना, अक्कल बेताची) तर म्हणाल्या, "ज्याचा नंबर हवा होता तो एंगेज लागला. बाकीचे सगळे राँग."

ट्रंक कॉल म्हणजे काय ते माझ्या नातीला सांगावं लागतं. परगावी बोलायचं तर ऑपरेटरकडे नंबर नोंदवायचा, तासन्‌तास वाट बघायची, आणि एकदाचा लागला की तीन मिनिटं बोलायचं. तीन मिनिटं संपली की ऑपरेटर मध्येच कानात विचारायची, "वेळ झाली, वाढवायची का?" बाई रिटायर झाल्या, हे वाक्य काही रिटायर झालं नाही. टेबलावर त्यांनी वाळूचं घड्याळ ठेवलेलं असे. कुणी बोलायला बसलं की ते उलटं व्हायचं. मी खोलीचं ठरवायला गेले तेव्हा आमची दिंडोरीची द्राक्षबाग, आमचं घराणं, माझे बी.एस्सी.चे मार्क असं सगळं सविस्तर लावून बसले होते. वाळू संपली तशी बाई नाकातल्या सरकारी आवाजात म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" मी इतकी हबकले की पर्स उघडून सुटे पैसे शोधायला लागले.

शेजारच्या काकू सुनेबद्दल रडायला यायच्या. ऐन हुंदक्यात बाईंचा प्रश्न यायचा. काकू मात्र सरावलेल्या. "हो ग, वाढव," म्हणायच्या आणि पदर सावरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.

स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं नव्हती, आकडे होते. 'सतरा दे' म्हणजे मीठ. 'बावीस जोड' म्हणजे गूळ. सगळ्यात वरच्या फळीवर एक चपटा डबा होता, नव्याण्णव नंबरचा. तो कधीच मागितला जात नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ती लाईन एकदाच लागते."

आता माझं सांगते. नाशिकमध्ये तेव्हा कॉम्प्युटरचे क्लास नुकते निघाले होते. मी तीन महिन्यांचा कोर्स केला होता आणि त्याच्या सर्टिफिकेटला फ्रेम करून खोलीत टांगलं होतं. रोज उदबत्ती लावताना देवाबरोबर त्यालाही ओवाळायची. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं 'प्रोग्राम', 'डेटा' असले शब्द बोलण्यात पेरायची. दूधवालासुद्धा सुटला नव्हता. त्या सर्टिफिकेटच्या जोरावर सातपूरच्या एका कारखान्यात ऑपरेटरच्या जागेसाठी अर्ज टाकला, आणि बोलावणं आलं. दीड महिन्यानं चाचणी. प्रत्यक्ष यंत्रावर.

हे कळल्यावर माझे आप्पा दिंडोरीहून आले. टोपी मांडीवर ठेवून म्हणाले, "हे बघ, नोकरी लागली तर लय चांगलं. नाय लागली तर दसऱ्यानंतर बागंची छाटणी हाय. छाटणी उरकली का तुझं लगीन. पोरगं पाहेल हाय. दोन वर्सं खोलीचं भाडं भरलं, आता नाय."

बाईंचं घड्याळ चालूच होतं. "तीन मिनिटं झाली," त्या म्हणाल्या. "वाढवायची का?"

आप्पा दचकले. "काय वाढवायचं?"

"बोलणं म्हणा, मुदत म्हणा."

"मुदत नाय वाढायची," आप्पा म्हणाले आणि टोपी घालून जे उठले ते चहाला थांबले नाहीत.

ते गेल्यावर बाईंनी मला समोर बसवलं. "चाचणीत करशील ना सगळं? काय काय येतं तुला?" मी खुशीत येऊन कॉम्प्युटरच्या पाचही पिढ्या घडाघडा म्हणून दाखवल्या. त्यांनी ऐकून घेतल्या. मग विचारलं, "हात लावलायस का त्याला?"

 खरं सांगायचं तर आमच्या क्लासमध्ये चपला बाहेर काढून आत जायचं, काचेच्या थंडगार खोलीत एक कॉम्प्युटर, त्याला फक्त सर हात लावणार आणि आम्ही पंधराजण सरांच्या पाठीकडे बघणार. सरावासाठी वहीत की-बोर्डचं चित्र काढलेलं होतं, त्यावर बोटं मारायची. परीक्षा कागदावर.

"एकदा लावलाय," मी म्हटलं. "दसऱ्याच्या पूजेआधी सरांनी पुसायला फडकं दिलं होतं."

मला वाटलं, हसतील. नाही हसल्या. फ्रेममधल्या सर्टिफिकेटकडे बघत म्हणाल्या, "मग आपण एक बांधू." माणूस 'मग आपण पिठलं टाकू' म्हणतो ना, त्या सुरात.

मेन रोडच्या एका बोळात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तो दुकानदार मुंबईहून सुटे भाग मागवून द्यायचा. बाईंच्या ओळखीचा, कारण तिथल्या खुर्चीत बसून बाई सुटलेल्या तारांना उगाचच डाग द्यायच्या. एक्स्चेंजमधल्या मेकॅनिकांच्या मागे लागून त्या झाळकाम शिकल्या होत्या. मी वहीत यादी करून नेली होती: रंगीत पडदा, दोन फ्लॉपी ड्राइव्ह, प्रिंटर. दुकानदारानं यादी वाचली आणि जेवढी किंमत सांगितली, तेवढ्यात आप्पांनी बोअर मारून वर मोटरही बसवली असती.

बाईंनी माझ्या हातातून वही घेतली. "हे फ्लॉपीचं काय काम?"

"साठवायला लागते, बाई."

"काय साठवणार आहेस? अजून एक अक्षर लिहिलं नाहीस." मग दुकानदाराला, "दुसऱ्या कशावर साठवतं का रे ते?"

"साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवतं, मावशी. पण वेळ लागतो."

"टेपरेकॉर्डर आहे घरी. वेळही आहे. पडदा?"

"घरचा टीव्ही चालेल. ब्लॅक अँड व्हाईट असला तरी."

"आहे. पुढं?"

"मेमरी जरा जास्त घ्या, मावशी. जास्त लक्षात राहतं."

"कमीतली दे. माणसांच्या कमी लक्षात राहतं म्हणून तर शेजार टिकतात."

माझा रंगीत पडदा गेला, प्रिंटर गेला, ड्राइव्ह गेले. मी तोंड पाडून उभी. शेवटी की-बोर्डची पाळी आली. दुकानदारानं रबराच्या बटणांची एक स्वस्त पट्टी दाखवली. बाईंनी दोन बटणं दाबली आणि पट्टी परत सरकवली, शिळी भाकरी सरकवावी तशी. मग त्यानं खोक्यातून एक जुना, विटेसारखा जड की-बोर्ड काढला, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला. बाईंनी डोळे मिटले आणि एकेक कळ दाबत गेल्या. खट्. खट्. खट्. चेहऱ्यावर असा भाव, जणू कुणी पाय चेपून देतंय.

"हाच," त्या म्हणाल्या.

त्याची किंमत बाकी सगळ्या भागांच्या बेरजेएवढी होती.  "बाई, एवढे पैसे नुसत्या बटणांवर? मग आत काय उरणार?"

"आत तू बघायला जाणार नाहीस. हात इथं लागणार. जिथं हात लागतो तिथं कंजुषी करू नये. यंत्राचं डोकं स्वस्तातलं चालेल, वर तुझं आहेच." आणि जरा थांबून, "आहे ना ग?"

दुकानदार हसला. बी.एस्सी. झालेल्या मुलीनं बघावं तसं मी त्याच्याकडे बघितलं.

मग बाईंनी पिशवीतून पैसे काढले. म्हणजे पैशांचा डबा काढला. चपटा, नव्याण्णव नंबरचा. झाकण उघडलं तशी वर ठेवलेली चिठ्ठी दुकानदारानं वाचली आणि त्याचा पुढे आलेला हात हवेतच राहिला. मीही वाकून वाचली. 'दहाव्यापासून तेराव्यापर्यंत. भाच्यानं उगाच खर्च वाढवू नये.'

"मावशी, हे पैसे…"

"माझेच आहेत. माझ्याच तेराव्याचे. घे."

"असले पैसे मी कसे घेऊ?"

"असले म्हणजे कसले? मेलेल्या बाईनं दिले असते तर भ्यायचं होतंस. मी उभी आहे ना समोर?"

त्यानं नोटा घेतल्या, पण गल्ल्यात टाकल्या नाहीत. देवाच्या तसबिरीपुढे ठेवल्या आणि हात जोडले. आणि मी? विज्ञानाची पदवीधर, फर्स्ट क्लास, दूधवाल्याला डेटा समजावून सांगणारी? दुकानातून बाहेर पडल्यावर भर मेन रोडवर मी बाईंचा दंड धरला आणि म्हटलं, "बाई, तुमच्या आत्म्याचं काय होईल?"

"तो काय बुंदीसाठी अडून बसलाय?" बाई म्हणाल्या. "त्या पंगतीत जेवतील चाळीस माणसं. मला जिवंतपणी चहा पाजलेली त्यात तिघं. एक तू, आणि तुझा चहा पाणचट." चार पावलं चालल्यावर म्हणाल्या, "पण फुकट नाही हं. नोकरी लागली की पहिल्या पगारात माझा तेरावा तू घालायचास. मी असताना. मला चव बघायची आहे."

मला वाटलं, थट्टा.

तीन आठवड्यांनी मुंबईहून भाग आले. चिपा, ट्रान्सफॉर्मर, पुडीत बांधलेले बारीकसारीक मणी, आणि ज्यावर हे सगळं बसवायचं ती पाटी. पाटीच्या एका अंगाला तांब्याच्या केसाएवढ्या रेघा. एका भागाकडून दुसऱ्याकडे वीज त्या रेघांवरून जाणार. माल जुना होता, तांबं काळवंडलेलं. बाई म्हणाल्या, "उद्या खोडरबरानं हलक्या हातानं घासू," आणि पेन्शन आणायला बँकेत गेल्या.

मला वाटलं, आपण आयतं बसून खातोय, काहीतरी हातभार लावावा. आणि तांबं कसं घासायचं हे मला कुणी शिकवायला नको होतं. आमच्या घरी पाण्याचं घंगाळ मी असं लखलखीत करायची की आई पाहुण्यांना दाखवायची. चिंच भिजवली, मीठ घेतलं, काथ्या घेतला आणि न्हाणीघरात बसून अर्धा तास ती पाटी घासली. दोन पाण्यांनी धुतली. तुळशीकट्ट्याला टेकवून उन्हात वाळत ठेवली. सोन्यासारखी चमकत होती. मी कमरेवर हात ठेवून शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

बाई आल्या. पाटी उचलली. भिंग आणलं. खूप वेळ बघितलं.

"इथली रेघ कुठं गेली?"

"मळ होता बाई, निघाला."

"मळ नव्हता ग तो," बाई अगदी हळू म्हणाल्या. "रस्ता होता."

अकरा रेघा गेल्या होत्या. कुठं तुटल्या होत्या, कुठं मुळातच नाहीशा. दुसरी पाटी आणायला नव्याण्णवचा डबा रिकामा, आणि चाचणीला उरलेले पंधरा दिवस.  आप्पांनी 'पाहेल' असलेलं ते पोरगं, ज्याला मी कधी बघितलंही नव्हतं, ते मला डोळ्यांसमोर मिशांसकट दिसायला लागलं. मी तिथंच उंबऱ्यावर बसून भोकाड पसरलं. त्याहून वाईट म्हणजे एका म्हाताऱ्या बाईचा तेरावा मी चिंचेनं घासून मोरीत वाहवला होता.

बाईंनी वाळूचं घड्याळ आणून माझ्यापुढे उलटं केलं. "रड. तीन मिनिटं."

वाळू संपली. "वाढवायची का?"

मी नाक पुसलं. "नको," म्हटलं. त्या घरात 'नको' मी पहिल्यांदाच म्हटलं.

"मग भिंग धर. भांडं सुरेख निघालंय, आमटी नंतर करू."

कपाटातून त्यांनी टेलिफोनच्या जुन्या केबलचा तुकडा काढला. आत रंगीबेरंगी बारीक तारा. पाटी टेबलावर ठेवून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, त्या एकदम त्या नाकातल्या आवाजात म्हणाल्या, "नंबर प्लीज." मला वाटलं, धक्क्यानं बाईंचं डोकं फिरलं. पण हात स्थिर होता. तुटलेल्या एका टोकाला तार लावली, दुसऱ्या टोकाला डाग दिला. "ही दिंडोरी. लागली, बोला. ही मनमाड, जंक्शन आहे, इथं चार तारा येणार, बोट काढ. आणि ही सुरगाणा. ही मेली पावसात नेहमी बंद पडायची." बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं, तुटलेलं इकडचं तिकडे जोडून दिलं होतं आणि स्वतः गप्प बसल्या होत्या. तिसऱ्या तारेनंतर त्यांनी डाग द्यायचा गरम कावीया माझ्या हातात दिला. "पुढची तू." मी बोट भाजून घेतलं, दोनदा. पण सटाणा मी जोडला, येवलाही मीच.

बाकीचे भाग बसवेपर्यंत आणखी दहा दिवस गेले. रविवार उजाडला. चाचणी बुधवारी.

रविवारी सकाळी शेजारच्या काकू बाईंच्या टीव्हीवर देवाची मालिका बघायला यायच्या, तबकात फुलं आणि हळदकुंकू घेऊन. त्या दिवशी आल्या तेव्हा टीव्हीच्या पाठीतून तारा निघून आमच्या उघड्या पाटीत गेल्या होत्या आणि पडद्यावर नुसते पट्टे सळसळत होते.

"अग बाई, हे काय लावलंय? देव कुठंय?"

"तोच शोधतोय," बाई म्हणाल्या. "बस."

त्यांनी एकेक तार बोटानं चाचपली. "दिंडोरी ठीक. मनमाड ठीक. सुरगाणा… म्हटलंच होतं मी." डाग सुटला होता. मी कावीया टेकवला. पट्टे गेले. पडदा काळा झाला, आणि डाव्या कोपऱ्यात एक पांढरा चौकोन लुकलुकायला लागला.

काकूंनी त्या चौकोनाला फूल वाहिलं. "कुठला म्हणायचा हा?"

 मी की-बोर्डवर हात नेला आणि बोट काही टेकवेना. वहीतल्या चित्रावर हजारदा मारलेली कळ. "दाब," बाई म्हणाल्या. "चावत नाही." मी ए दाबला. पडद्यावर ए उमटला. मी किंचाळून मागे सरले. काकू माझ्याहून मोठ्यानं किंचाळल्या. ए होता तिथंच राहिला.

पुढचे दोन दिवस बाईंनी मला एकच शिकवलं. "मुद्दाम चूक कर. बघू तरी काय म्हणतो." चूक केली की पडद्यावर 'एरर' यायचं. बाई वाकून वाचायच्या आणि म्हणायच्या, "एवढंच? मला तर लोक फोनवर आईबहिणीवरून बोललेत."

बुधवारी सातपूरला आम्ही सातजणी होतो. सगळ्यांनी दाराशी चपला काढल्या. पहिलीनं यंत्राला नमस्कार केला, दोन ओळी लिहिल्या, 'एरर' आलं, तशी ती हात जोडून उठली, "सर, मी काही नाही केलं." दुसरीही तशीच उठली. माझ्याही पडद्यावर तेच आलं. मी म्हटलं, "एवढंच?" चांगलं मोठ्यानं. साहेबांनी मान वर केली. तोवर मी ओळ दुरुस्त करून पुढे गेले होते.

नोकरीचं पत्र छाटणीच्या आधी आलं. ते पोरगं मी शेवटपर्यंत बघितलं नाही.

पहिला पगार झाला त्या दिवशी बाईंनी रिकामा नव्याण्णव नंबरचा डबा माझ्या पानाशेजारी ठेवला. म्हणजे थट्टा नव्हती. "जिवंत माणसाचा तेरावा? शिव शिव शिव!" काकू कानांवर हात ठेवून गेल्या, वड्यांचा वास सुटल्यावर परत आल्या. दुकानदार आला. आप्पा अळूची पानं घेऊन आले आणि कुठं आलोय हे कळल्यावर दारातच थिजले. "फोटो मांडायचा नाही," बाई पाटावर बसत म्हणाल्या, "मी मांडलेली आहे."

जेवणं झाली. बाईंनी घड्याळ उलटं केलं. "तेराव्याला गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलतात. बोला. तीन मिनिटं."

काकूंनी दुकानदाराकडे बघितलं, दुकानदारानं माझ्याकडे. मी पाचही पिढ्या घडाघडा म्हणणारी, उठून खिरीच्या वाट्या गोळा करायला लागले. शेवटी आप्पा पुढे सरकले. "बाई, तुमी लय…" म्हणाले. "तुमी लय…" पुढं जमेना. वाळू संपली.

"वाढवायची का?" बाईंनी विचारलं.

आप्पांनी डोळे पुसत नुसती मान हलवली.

दीड वर्षानं बाई खरोखरीच गेल्या. दुपारी, खुर्चीत बसल्याबसल्या. भाचा मुंबईहून आला. दहाव्याला आम्ही रामकुंडावर गेलो. शेजारी एक कुटुंब तासाभरापासून कावळ्याची वाट बघत होतं. म्हाताऱ्याची काही इच्छा राहिली असेल म्हणून घर देऊ, नातवाचं लग्न करू, असं काय काय कबूल करत होतं. ते बघून भाचा घाबरला. बाजूला घेऊन मला म्हणाला, "तुम्ही जवळ होतात. आत्याचं काही राहिलं होतं का? मनात काही होतं?"

मी आठवायला लागले. तोंड उघडणार तेवढ्यात पंखांचा फडफडाट झाला. गुरुजी पिंड ठेवून पुरते मागेही झाले नव्हते. कावळ्यानं त्यांच्या हाताशीच चोच मारली.  गुरुजींच्या हातातली पळी खाली पडली. आणि मी, तोंडाला पदर लावायचंही सुचलं नाही, रामकुंडावर सगळ्यांच्या देखत खदखदून हसले. भाच्यानं मला त्यानंतर कधी माफ केलं नाही.

त्याला काय सांगणार होते मी? बाई जेवून गेल्या होत्या.